सुभेदारकाकांची मनिलाची यादी

मनिलाच्या बास्केटबॉल लीगमध्ये आजवरचा सगळ्यात मोठा परदेशी खेळाडू कोण, या एका प्रश्नावरून सुभेदारकाका माझ्याशी तीन दिवस बोलले नव्हते. मी तेव्हा तेरा वर्षांची होते, ते पन्नाशी ओलांडलेले, आणि आम्ही दोघं राहत होतो लखनौत. मनिला मी शाळेच्या नकाशात शोधून काढली होती, तीही दुसऱ्या प्रयत्नात.

सुभेदारकाका फौजेतून निवृत्त झालेले. साताऱ्याकडचे. गावाला बायको, दोन मुलगे, थोडी जमीन, सगळं होतं. पण निवृत्तीनंतर ते गावी गेले आणि तीन महिन्यांत लखनौला परत आले. कारण विचारलं तर म्हणायचे, "गावात बोर्ड नाही." बोर्ड म्हणजे बास्केटबॉलचा. छावनीतल्या सिमेंटच्या मैदानावर मुलामुलींना शिकवायचं काम त्यांना मिळालं होतं, मैदानाच्या मागे एक खोलीही मिळाली होती, आणि त्यांच्या गरजा त्या खोलीत मावत होत्या. काकू वर्षातून एकदा येऊन खोली धुऊन, लोणच्याची बरणी ठेवून जात.

तरुणपणी ते भारताच्या संघात राखीव खेळाडू होते, आणि एकदा स्पर्धेसाठी मनिलाला गेले होते. आपले सामने लवकर आटोपले, कारण आपण लवकर हरलो. परतीच्या विमानाला चार दिवस होते. त्या चार दिवसांत काकांनी तिथल्या व्यावसायिक लीगचे सामने पाहिले, आणि त्यांच्या आयुष्याचं जे काही व्हायचं ते तिथे झालं. त्या देशात या खेळाला आपल्या क्रिकेटसारखं वेड आहे. प्रत्येक संघाला ठरावीक स्पर्धांपुरता बाहेरून एखादा खेळाडू आणता येतो. बहुतेक वेळा तो अमेरिकन असतो. त्याला तिथे सगळे उघडपणे 'इम्पोर्ट' म्हणतात. संघ हरायला लागला की पहिल्या दोन-तीन सामन्यांतच त्याला परतीचं तिकीट देतात आणि दुसरा आणतात. "परक्या गावात येऊन पहिल्याच दिवशी सगळ्यांपेक्षा चांगलं खेळायचं," काका सांगायचे, "आणि नाही जमलं तर सकाळच्या विमानानं घरी. असलं जगणं कोण जगतं, सांग."

त्या चार दिवसांत त्यांची स्टेडियमात गुणफलक लिहिणाऱ्या एका माणसाशी ओळख झाली. त्याचं नाव नेस्टर. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं असल्यामुळे मैत्री पक्की झाली असावी. त्यानंतर वीस वर्षं नेस्टरची पत्रं येत राहिली. पत्रात वर्तमानपत्रांची कात्रणं असत, आणि कात्रणांच्या कडेला त्याने बारीक अक्षरात लिहिलेली खरी हकीकत. ती वाचायला काकांना कोणीतरी हवं होतं.

ते कोणीतरी मी झाले. आम्ही नागपूरचे गजभिये. बाबा सरकारी कचेरीत, मी लहान असतानाच बदली होऊन लखनौला आलेले, राहायला जानकीपुरमला. छावनीतल्या मराठी मंडळींनी महाराष्ट्र दिनाला पोरांच्या शर्यती ठेवल्या होत्या. त्यात मी धावले, हरले, आणि हरून झाल्यावरही थांबायचं विसरून मैदानाच्या टोकापर्यंत गेले. एक उंच माणूस बाबांजवळ येऊन म्हणाला, "ही पोरगी मला द्या." बाबा दचकलेच. मग त्याने नाव, गाव, काम सांगितलं, आणि दुसऱ्या आठवड्यापासून मी दोन टेम्पो, म्हणजे तिथल्या शेअर रिक्षा, बदलून छावनीत जायला लागले.

शिकवताना त्यांचा एक नियम होता. रागवायचं हिंदीत आणि कौतुक मराठीत. बाकीच्या मुलींना वाटायचं की मला शिव्याच कमी मिळतात. खरं तर मला दोन्ही भाषांत मिळायच्या. लखनौत वाढलेल्या आमच्यासारख्या मुलांना मराठी समजायची, पण तोंडातून हिंदी यायची. काकांनी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मी "हाँ, अच्छा" असं उत्तर दिलं की मैदानाला एक फेरी. एका हिवाळ्यात, धुक्यात बोर्डही दिसत नव्हता तेव्हा, मी अशा सात फेऱ्या मारल्या. आठव्यांदा मराठीत बोलले. ते म्हणाले, "जमतंय." त्यांच्या कौतुकाचा कोश त्या एका शब्दाचा होता.

"पाय आधी, हात मग," हे दिवसातून शंभरदा. चेंडू हातात यायच्या आधी पाय कुठे असले पाहिजेत, हे त्यांनी माझ्याकडून इतक्या वेळा करून घेतलं की अजूनही मी भाजीच्या गाडीपाशी उभी असले तरी माझा डावा पाय किंचित पुढे असतो.

रविवारी ते सायकलवरून आमच्याकडे यायचे. छावनीहून जानकीपुरम म्हणजे सगळं शहर ओलांडून. आई गोळाभात करायची, नागपूरहून आणलेल्या पिठाची भाकरी करायची. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिच्यासमोर ते आल्याबरोबर चप्पल काढून क्षणभर उभे राहत, आणि मग बाबांशी जमिनीवर मांडी घालून गप्पा. जूनमध्ये मलिहाबादहून दशहरीची पेटी आणत, बादलीत आंबे भिजत घालत आणि एकेक चाखून त्यांनाही नंबर देत. त्यांना नंबर द्यायची खोडच होती. लखनौचे चाटवाले, फौजेतले त्यांचे सगळे साहेब, आईच्या भाज्या. आईची वांग्याची भाजी चार वर्षं तिसऱ्या नंबरवर अडकून होती, त्यावरून ती त्यांना ऐकवायची.

पण गंभीर यादी एकच. लाल कापडी पुठ्ठ्याच्या रजिस्टरमध्ये मनिलाच्या लीगमधले सर्वश्रेष्ठ दहा इम्पोर्ट. नेस्टरचं पत्र आलं की जेवणं झाल्यावर मी ते मोठ्याने वाचायची, मराठीत सांगायची, काका डोळे मिटून ऐकायचे, आणि मग म्हणायचे, "सातवा आता पाचवा कर." मी खोडरबराने खोडून पुन्हा लिहायची. खेळाडूंची खरी नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली होती. पहिला होता 'पाद्री'. शांत माणूस. एकाच संघाकडे वर्षांमागून वर्षं येत राहिला आणि सामना संपल्यावर तिथल्या पोरांना शिकवत बसायचा. दुसरा 'कोंबडेवाला', ज्याने झुंजीचे कोंबडे पाळले, तिथली भाषा शिकला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं. तिसरा 'बुटका', जो आपल्यापेक्षा हातभर उंच माणसांखालून चेंडू काढून न्यायचा.

यादीत येण्यासाठी त्यांच्या अटी होत्या. काही स्पर्धांत इम्पोर्टच्या उंचीला मर्यादा असे, आणि त्याला आधी मोजत. नेस्टरने लिहिलं होतं की काही जण मोजताना गुडघे हळूच वाकवतात. काकांनी त्यातल्या एकाचं नाव तिथल्या तिथे काढायला लावलं. मी म्हटलं, पण तो खेळतो किती छान. ते म्हणाले, "मापाला गुडघे वाकवतो तो माझ्या यादीत नाही."

त्या तीन दिवसांची गोष्ट इथलीच. मे महिन्यात ते गावी गेले होते आणि रजिस्टर माझ्याकडे होतं. यादीत एक खेळाडू मुळीच नव्हता, ज्याला आम्ही 'तोफ' म्हणायचो. एकटा अख्ख्या संघाइतके गुण करायचा. कात्रणांत सगळ्यात मोठे फोटो त्याचेच. मला तो फार आवडायचा. मी शाईने त्याचं नाव पहिल्या जागी लिहिलं. काका आले, त्यांनी पाहिलं, रजिस्टर मिटून दोरी बांधली, आणि तीन दिवस सराव नुसत्या शिट्टीवर झाला. चौथ्या दिवशी त्यांनी मला मैदानाच्या कठड्यावर बसवलं. म्हणाले, निकालाच्या सामन्याआधी तोफ घोटा दुखतो म्हणून विमानात बसून निघून गेला. घोट्याला काही झालं नव्हतं. दुसऱ्या देशातल्या संघाचं बोलावणं होतं. बाकीचे खेळाडू मैदानावर त्याची वाट बघत होते. "हरणं वेगळं, पोरी," ते म्हणाले. "आपल्या माणसांना न सांगता गेला. असा माणूस कितीही चांगला खेळला तरी त्याला नंबर नाही."

मी तेरा वर्षांची होते. मी ते जसंच्या तसं मानलं.

मी सतरा वर्षांची झाले त्या वर्षी राज्याच्या मुलींच्या कनिष्ठ संघाचे प्रशिक्षक म्हणून काकांची नेमणूक झाली. एका वर्षापुरती. संघाने पदक आणलं तर पुढे कायम करू, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. आयुष्यभर राखीव बसलेल्या माणसाला हे किती मोठं वाटलं असेल ते मी समजू शकते. ज्या रविवारी त्यांनी ही बातमी आणली, त्या रविवारी त्यांनी वांग्याची भाजी पहिल्या नंबरवर नेली. आणि ताटावरून उठताना मला म्हणाले, "तू माझी गार्ड." गार्ड म्हणजे चेंडू घेऊन पुढे जाणारी, खेळ मांडणारी. संघात बारा जागा, त्यातली एक माझी. तसं त्यांनी स्वतःच्या तोंडाने, आईबाबांसमोर सांगितलं.

माझ्या दृष्टीने ती जागा म्हणजे नुसता खेळ नव्हता. बाबांची नागपूरला बदली होणार हे दिसत होतं. राज्याकडून खेळल्याचं प्रमाणपत्र असतं तर मला लखनौच्या कॉलेजात खेळाच्या कोट्यातून प्रवेश मिळाला असता, वसतिगृहही. वयाची अट बघता ते शेवटचंच वर्ष होतं. मी सकाळी शाळेआधी घराजवळच्या मोकळ्या प्लॉटमध्ये धावायची आणि संध्याकाळी छावनीत.

पावसाळा संपल्यावर काका एका मुलीला घेऊन आमच्याकडे आले. जसबीर. पंजाबातली, उंच, हसरी, हातात एक पत्र्याची ट्रंक. काकांनी बाबांना सांगितलं की पोरगी गुणी आहे, घरी अडचण आहे, इथल्या शाळेत नाव घालायचं आहे, काही महिने तुमच्याकडे राहू द्या. मला म्हणाले, ही बोर्डाखाली खेळते, तुझे पास घ्यायला कोणीतरी नको का. आईने माझ्या पलंगाशेजारी दुसरी गादी घातली. आठवडाभराने काकांनी बाबांकडे एक कागद मागितला. मुलगी तुमच्याकडे राहते एवढंच लिहून द्या, शाळेत लागतं.

बाबांबद्दल इथे थोडं सांगायला हवं. आमच्या घरात कागदाला फार मान होता. आजोबा अंगठा उठवायचे, आणि कोणीतरी दाखवलेल्या जागी उठवलेल्या त्या अंगठ्यामुळे त्यांच्या हातून काय काय गेलं, हे बाबांनी लहानपणी पाहिलं होतं. म्हणून ते कुठलाही कागद दोनदा वाचून, खाली कार्बन ठेवून लिहायचे. तसाच हाही लिहिला. अमुक नावाची मुलगी अमुक महिन्यापासून माझ्या घरी राहत आहे. महिना आणि साल खरं. सही केली, मूळ प्रत काकांना दिली, कार्बनची फाइलला लावली.

जसबीर घरात रुळली. आईला आईजी म्हणायची, भाकरी थापायला शिकली. माझ्यापेक्षा चांगली थापायची. आम्ही दोघी एकत्र टेम्पोने छावनीत जायचो. ती बोर्डाखाली उभी राहत नाही, चेंडू घेऊन पुढे येते, हे मला दिसत होतं. मी काकांना एकदा विचारलं. ते म्हणाले, सगळ्यांना सगळं यायला पाहिजे. मी ते मानलं. नेस्टरचं एक पत्र त्या दिवसांत आलं होतं, पण काका म्हणाले, आत्ता वेळ नाही, स्पर्धेनंतर वाचू.

संघाची यादी सरावानंतर मैदानाच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर लागली. काका स्वतः तिथे नव्हते. टाचण्या लावायला त्यांनी चौकीदाराला पाठवलं होतं. बारा नावं. मी वरून खाली वाचली, मग खालून वर. जसबीरचं नाव होतं, नावापुढे गार्ड, आणि त्यापुढे पत्ता. पत्ता आमचा होता. घर नंबर, सेक्टर, जानकीपुरम, सगळं.

राखीव मुलींतही माझं नाव नव्हतं.

जसबीर माझ्या मागे उभी होती. मी वळले तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. ती म्हणाली, "मुझे लगा तुझे पता है. सर ने कहा था, घरवालों से बात हो गई है."

आम्ही दोघी त्याच टेम्पोने घरी आलो. दुसरा रस्ता नव्हता. आईने दोघींना एकाच वेळी ताटं वाढली. मी सांगितलं तेव्हा आईने भाकरीचा हात थांबवून जसबीरकडे पाहिलं, आणि तिच्याही ताटात भाकरी टाकली. "तिनं काय केलं," एवढंच म्हणाली. त्या रविवारी काका आले नाहीत. पुढच्याही नाही.

संघ बाहेरगावी गेला आणि अंतिम सामन्यापर्यंत पोचला. जसबीर फार चांगली खेळली असं वर्तमानपत्रात आलं. हरलेल्या एका संघाने तक्रार केली की ही मुलगी गेल्या वर्षी पंजाबकडून खेळली आहे. चौकशी लागली. राज्यातर्फे खेळायला तिथे निदान वर्षभर राहिलेलं असावं लागे. तसा पुरावा म्हणून जोडलेला कागद बाबांच्या हस्ताक्षरातला होता, आणि त्यातल्या सालाचा शेवटचा आकडा बदललेला होता. खोट्या दाखल्याबद्दल बाबांच्या कचेरीला पत्र गेलं. बढतीचे कागद होते तिथेच थांबले. वीस वर्षांत ज्या माणसाला साधा मेमो आला नव्हता, त्याला साहेबाने केबिनमध्ये बोलावून विचारलं की गजभिये, हे काय आहे.

चौकशीला बाबांनी मला बरोबर नेलं. आई नको म्हणत होती. बाबा म्हणाले, तिला बघू दे. एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर लांब टेबल, पलीकडे तीन माणसं, अलीकडे आम्ही. काका आधीच येऊन बसले होते. फौजेतला ब्लेझर घातला होता, दाढी नीट केलेली. मला वाटलं, आता ते सांगतील. माझी इतकी खात्री होती की मला त्यांची दया यायला लागली होती.

मधल्या माणसाने कागद पुढे सरकवून विचारलं की तारीख कोणी बदलली.

काका म्हणाले, "साहब, कागज इनके घर से आया था. जैसा आया, वैसा मैंने लगा दिया."

हिंदीत म्हणाले. आवाज अगदी साधा होता, एखाद्याला रस्ता सांगावा तसा.

बाबा त्यांच्याकडे वळले. त्यांनी मराठीतच विचारलं, "सुभेदारसाहेब, माझ्याकडे बघून बोला."

काका टेबलाकडे बघत राहिले. मधल्या माणसाने विचारलं की हे काय म्हणत आहेत. मग बाबांनी पिशवीतून फाइल काढली, कार्बनची प्रत काढली आणि मूळ कागदाशेजारी ठेवली. तिघांनी दोन्ही कागद एकमेकांवर धरून खिडकीच्या उजेडात पाहिले. सगळी अक्षरं एकावर एक बसत होती. एक आकडा सोडून.

निकाल असा लागला की लिहिण्यात चूक झाली. कोणाची, ते लिहिलं नाही. संघाचं पदक गेलं. जसबीरवर दोन वर्षांची बंदी आली. काकांची नेमणूक गेली, पण छावनीतलं काम राहिलं, कारण तिथे बरीच वर्षं त्यांना ओळखणारे लोक होते. बाबांचे कागद पुढे सरकले, सहा महिने उशिरा. जसबीर तिची ट्रंक घेऊन निघाली तेव्हा आईच्या गळ्यात पडून खूप रडली. मीही रडले. तिच्यावर रागवायचा मी प्रयत्न केला होता. जमलं नाही.

मी छावनीत एकदाच गेले, सामान बांधायला सुरुवात झाली होती तेव्हा. काका मैदानावर एकटे होते, खांबावर चढून जाळी बदलत होते. मला पाहून खाली उतरले. म्हातारे दिसत होते. मी घरून खूप काही ठरवून गेले होते, पण विचारलं एकच. मला आधी का नाही सांगितलंत? तुम्हाला पदक हवं आहे, ती माझ्यापेक्षा चांगली आहे, असं म्हणाला असतात तर मी जागा सोडली असती.

ते बराच वेळ हातातल्या जुन्या जाळीची गाठ सोडवत राहिले. मग म्हणाले, "तू हो म्हणाली असतीस हे मला ठाऊक होतं. तू हो म्हटल्यावर मला ते करता आलं नसतं."

"आणि बाबांचं?"

"ते माझ्या तोंडून निघून गेलं," ते म्हणाले. "तिथे बसल्यावर दुसरं काही सुचलं नाही."

त्यांनी माफी मागितली नाही. मागितली असती तर काय केलं असतं, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. त्यांनी रजिस्टर घेऊन जातेस का, असं विचारलं. मी नाही म्हटलं, आणि तशीच वळून टेम्पोच्या थांब्याकडे चालू लागले.

नागपूरला मी बीए केलं, मग शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, आणि आता एका शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवते. पाय आधी, हात मग, हेच शिकवते, कारण त्याहून चांगलं मला कोणी शिकवलेलं नाही. संघ निवडते तेव्हा यादी लावत नाही. जिला घेतलं नाही तिला आधी एकटीला बोलावते, समोर बसवते, आणि तिच्याकडे बघून सांगते. ते फार कठीण असतं. दरवर्षी आदल्या दिवशी मला जेवण जात नाही.

बारा-तेरा वर्षांनी काका गेल्याचं कळलं. शेवटची वर्षं गावीच होते. बाबा निवृत्त झालेले, गुडघे दुखत होते, तरी ते नागपूरहून साताऱ्याकडे त्यांच्या गावी जाऊन आले. मी त्यांच्याशी भांडले. ते म्हणाले, "तो माणूस इतके रविवार आपल्या घरी जेवला. त्याच्या घरी एकदा जाऊन बसायला हवं होतं." मी गेले नव्हते, आणि त्याचं मला वाईट वाटत नव्हतं.

बाबांना परत येऊन दोन दिवस झाले होते. मग चहा पिताना त्यांनी सांगितलं. काकूंनी माझी चौकशी केली. गावातल्या बऱ्याच लोकांनी केली. शाळेचे मास्तर, शेजारी, मोठा मुलगा. सगळ्यांना मी ठाऊक होते. काका सगळ्यांना सांगायचे की लखनौला माझी एक पोरगी होती, मराठी, गजभिये नावाची, ती राज्याकडून अंतिम सामना खेळली. तिचे पास कसे होते, कुठल्या क्षणी तिने चेंडू कोणाला दिला, सगळा सामना सांगायचे. काकूंनी बाबांना विचारलं, "अजून खेळते का हो ती?"

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मी म्हटलं, शिकवते." बाबांनी कप खाली ठेवला. "बाकी काही बोललो नाही. बाई नुकती विधवा झालेली."

आयुष्यात एका खोट्या आकड्याने ज्यांची मान खाली गेली, ते माझे बाबा हे ऐकून गप्प बसून आले होते. मी दोघांचे कप उचलून विसळायला नेले. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. ती जागा त्यांनी माझ्याकडून घेतली होती, आणि नंतर मला न विचारता, मी नसलेल्या ठिकाणी परत दिली होती. आता त्या गावात एक मुलगी होती जी माझ्या नावाने खेळली होती, आणि जिला फळ्यासमोर उभं राहावं लागलं नव्हतं.

मी काकूंना पत्र लिहिलं. लहानसंच. काकू, त्या वर्षी मी खेळले नाही. मला संघात घेतलं नव्हतं. काका त्या सामन्याबद्दल जे सांगायचे ते जसबीर नावाच्या मुलीबद्दल खरं आहे, तिची आठवण ठेवा. मला त्यांनी शिकवलेलं सगळं अजून येतं.

पत्र टाकून घरी आले आणि आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती. ती चिडली. म्हणाली, "ते माणूस गेलं आता. त्या बाईला हे लिहायचं काहून अडलं होतं?"

मी म्हटलं, तिचं नाही, माझं अडलं होतं.